विशेष शिक्षकाची पहिली नोकरी: ऑर्डर कशी वाचायची, खर्च कसा मांडायचा

डीएड किंवा बीएड स्पेशल (दिव्यांग मुलांना शिकवण्याचा अभ्यासक्रम) पूर्ण झालं की पहिल्या नोकरीच्या वेळी सगळे एकच विचारतात, पगार किती? प्रश्न बरोबर आहे, पण त्याच्या आधी विचारायचे दोन प्रश्न राहून जातात: हा पगार नेमका कोण देणार, आणि वर्षातले किती महिने देणार? त्यात शाळा कुठल्या गावात आहे हे धरलं की महिनाअखेरीस हातात काय उरणार ते कळतं. हा लेख महाराष्ट्रात पहिली नोकरी शोधणाऱ्यांसाठी आहे. पुण्या-मुंबईकडे यावं की तालुक्याच्या गावी राहावं, याचा हिशेब कसा करायचा ते यात सांगते.

आमच्या क्षेत्रात पगाराचं बोलणं थोडं कमीपणाचं समजतात. ‘ही तर सेवा आहे’ हे वाक्य मुलाखतीत हमखास ऐकू येतं. मला ते मुळीच मान्य नाही. ऑटिझम असलेलं एखादं मूल नव्या बाईंच्या शेजारी नुसतं बसायलाच दोन-दोन महिने घेतं. मग कधीतरी ते ‘पाणी’चं चित्रकार्ड उचलून बाईंच्या हातात देतं. त्या आधी तेच मूल पाणी हवं असलं की डोकं आपटून घेत असतं. अशा वेळी बाई ‘परवडत नाही’ म्हणून दिवाळीनंतर नोकरी सोडून गेल्या तर नुकसान कुणाचं होतं? त्या मुलाचं. म्हणून हा हिशेब नीट करा, निःसंकोच करा.

पायरी १: आरसीआयचा नंबर हातात असू द्या

भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, १९९२ च्या कायद्याने चालते. तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. निकाल लागला की लगेच अर्ज करा. नंबर यायला उशीर झाला की खासगी शाळा ‘तोवर मदतनीस म्हणून या’ म्हणतात आणि त्या पदाचा पगार लावतात. पुढे नंबर आला तरी पगार आपोआप वाढत नाही, तो मागून घ्यावा लागतो. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी सीआरईचे, म्हणजे पुढचं प्रशिक्षण घेत राहिल्याचे, गुण लागतात. कार्यशाळांची फी आणि प्रवास बहुतेकदा स्वतःच्या खिशातून जातो, म्हणून वर्षाच्या खर्चात तोही धरा.

जाहिरातीत दिव्यांगत्वाचा कुठला प्रवर्ग मागितला आहे तेही बघा. आयडीचा (बौद्धिक अक्षमता) डिप्लोमा असताना एचआयच्या (श्रवणदोष) जागेवर रुजू झालात तर पुढे मान्यतेच्या वेळी फाइल अडकते.

पायरी २: पगार कोण देणार, ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एकाच शहरात, एकाच पात्रतेच्या दोन शिक्षकांच्या पगारात दुपटीचा फरक असू शकतो. तो फरक बहुतेकदा नेमणुकीच्या प्रकारामुळे पडतो.

पहिला प्रकार अनुदानित विशेष शाळांचा. या शाळा संस्था चालवतात, पण पगार शासनाचा असतो. पूर्वी हे काम सामाजिक न्याय विभागाकडे होतं. डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला आणि आता ते त्याच्याकडे आहे. आयुक्तालय पुण्यात आहे. इथे विचारायचा प्रश्न असा: पद मंजूर आहे का, आणि माझी वैयक्तिक मान्यता कधी येणार? पद मंजूर असणं वेगळं आणि त्या पदावर तुमच्या नावाला मान्यता मिळणं वेगळं. मान्यतेचा आदेश येत नाही तोवर शासनाचा पगार सुरू होत नाही. तोपर्यंत संस्था काय देणार, ते लेखी घ्या. ‘मान्यता आली की सगळा फरक मिळेल’ या तोंडी शब्दावर दोन-दोन वर्षं काढलेले लोक प्रत्येक जिल्ह्यात भेटतील. ज्या संस्थेला या जागेसाठी तुमच्याकडून पैसे हवे असतील तिथून उठून या. पैसे दिल्याने मान्यता मिळत नाही आणि दिलेल्या पैशांची पावतीही मिळत नाही.

संस्था विनाअनुदानित असेल तर पगार पूर्णपणे तिच्या देणग्यांवर आणि फीवर असतो. ते वाईट असतंच असं नाही, काही विनाअनुदानित संस्था दर महिन्याला वेळेवर पगार करतात. तिथे आधीपासून काम करणाऱ्या शिक्षकाला एकच विचारा: गेल्या वर्षी पगार किती तारखेला होत होता?

दुसरा प्रकार सर्वसाधारण शाळांमधल्या समावेशित शिक्षणाचा. समग्र शिक्षा ही योजना २०१८ पासून आहे. तिच्यात तालुका आणि केंद्र (आसपासच्या शाळांचा गट) पातळीवर विशेष शिक्षक कंत्राटावर काम करत आले आहेत. मानधन एकत्रित असतं, त्यात महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता वेगळा नसतो. मात्र इथे चित्र बदलतं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांसाठी प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये त्याच प्रकरणात राज्यांना पदं मंजूर करून भरायला सांगितलं. महाराष्ट्राने त्याआधीच, २०२४ मध्ये, केंद्र पातळीवर ४,८६० विशेष शिक्षक पदांना मंजुरी दिली होती. म्हणून नव्याने येणाऱ्यांनी भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा आणि पात्रता परीक्षा पुढे ढकलू नका.

तिसरा प्रकार खासगी शाळांचा. सीबीएसईच्या संलग्नतेच्या नियमांत प्रत्येक शाळेत विशेष शिक्षक असणं बंधनकारक आहे, त्यामुळे जागा निघत राहतात. काही शाळा खरंच स्वतंत्र रिसोर्स रूम (दिव्यांग मुलांना वेगळं शिकवायची खोली) देतात. काही शाळा मात्र तपासणीपुरतं नाव लावतात आणि मग तुम्हाला बदली तासांना पाठवत राहतात. मुलाखतीला गेलात की रिसोर्स रूम दाखवायला सांगा. तिथे मुलांच्या आयईपी (प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा) फाइली असतील तर काम आहे. खोलीत जुनी बाकं रचून ठेवली असतील तर काय ते समजून घ्या.

चौथा प्रकार थेरपी सेंटर आणि शॅडो टीचरचा (शाळेत एकाच मुलासोबत बसणारा शिक्षक). शॅडोचे पैसे बहुतेक वेळा पालक देतात. मूल आजारी पडलं, गावी गेलं, शाळेला सुट्टी लागली की उत्पन्न थांबतं.

पायरी ३: आकडा सोडवून बघा

शासनाच्या सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणींत प्राथमिक शिक्षकाची एस-१० श्रेणी २९,२०० पासून सुरू होते आणि प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाची एस-१४ श्रेणी ३८,६०० पासून. तुमच्या पदाला कुठली श्रेणी लागते ते आदेशात लिहिलेलं असतं. इथे उदाहरणाला एस-१० घेते.

घरभाडे भत्ता शाळेच्या गावाच्या वर्गावर ठरतो. मुंबई आणि पुणे एक्स वर्गात येतात. वाय वर्गात नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, सोलापूर, अमरावती, सांगली, नांदेड अशी शहरं आहेत आणि उरलेलं सगळं झेडमध्ये. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर या वर्गांचे दर ३०, २० आणि १० टक्के होतात, आणि २०२४ मध्ये तो तिथे पोहोचला. सोयीसाठी महागाई भत्ता ५० टक्केच धरू:

- मूळ वेतन २९,२०० आणि महागाई भत्ता १४,६००, मिळून ४३,८००
- घरभाडे: पुण्यात ८,७६०, नाशकात ५,८४०, तालुक्याच्या गावी २,९२०
- एकूण: पुण्यात ५२,५६०, नाशकात ४९,६४०, तालुक्याला ४६,७२०
- कपात: एनपीएस, म्हणजे निवृत्तिवेतनाची वर्गणी (मूळ आणि महागाईच्या दहा टक्के) ४,३८० आणि व्यवसाय कर २००
- हातात: पुण्यात ४७,९८०, नाशकात ४५,०६०, तालुक्याला ४२,१४०

गटविमा आणि वाहतूक भत्ता यात धरलेला नाही, त्याने थोडं इकडेतिकडे होईल.

आता पुणे आणि तालुका यातला फरक बघा: ५,८४० रुपये. म्हणजे शहरात राहण्यासाठी शासन तुम्हाला महिन्याला एवढेच जास्त देतं. तालुक्याच्या गावी घरच्यांबरोबर राहणाऱ्याला पुण्यात स्वतंत्र खोली घेऊन एवढ्या पैशांत भागवता येईल का, हा प्रश्न कागदावर मांडा. कुटुंबासाठी वन बीएचके घ्यायचा असेल तर उत्तर सरळ नाही असं आहे.

आणखी एक गोष्ट. काही नेमणुका आधी शिक्षण सेवक म्हणून होतात. जानेवारी २०२३ पासून शिक्षण सेवकाचं मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला २०,००० आहे, आणि ही अवस्था तीन वर्षं चालते. ऑर्डरमध्ये हा शब्द असेल तर वर मांडलेला हिशेब तीन वर्षांनंतरचा आहे असं समजा. या तीन वर्षांत घरापासून लांब शहरात राहणं म्हणजे घरून पैसे मागवणं. शक्य असेल तर हा काळ घराजवळच्या शाळेत काढा, असंच मी प्रत्येकाला सांगते.

खासगी शाळेचा आकडा वेगळ्या तऱ्हेने सोडवावा लागतो. समजा ‘वर्षाला तीन लाखांचं पॅकेज’ सांगितलं, म्हणजे महिन्याला २५,०००. त्यात संस्थेचा पीएफचा वाटा १,८०० धरलेला असेल तर पगार राहिला २३,२००. त्यातून तुमचा वाटा १,८०० गेला की २१,४००. पुरुष शिक्षकाचे व्यवसाय कराचे आणखी २०० जातात. महिलांना २५,००० पर्यंत हा कर नाही. ग्रॅच्युइटीही पॅकेजमध्ये धरली असेल तर आकडा आणखी खाली येतो. आता विचारा: मे महिन्याचा पगार मिळतो का? दहाच महिने पगार असेल तर २१,४०० चे दरमहा सरासरी १७,८०० च्या आसपास होतात. घरमालक मे महिन्याचं भाडं सोडत नाही.

‘कन्सल्टंट’ म्हणून करार देत असतील तर सावध राहा. त्यात पीएफ नाही, रजा नाहीत, ग्रॅच्युइटी नाही आणि फीची रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर गेली की दहा टक्के टीडीएस कापला जातो. तो विवरणपत्र भरून परत मिळवता येतो. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर लागत नाही. पण पैसे वर्षभर अडकतात. कन्सल्टंटची फी नोकरीच्या पगारापेक्षा चांगली जास्त असेल तरच हा करार घ्या.

स्वतः दिव्यांग असलेल्या शिक्षकांना (४० टक्के किंवा जास्त) आणि बौद्धिक अक्षम मुलाच्या पालकांना महाराष्ट्रात व्यवसाय कर माफ आहे. आपल्या क्षेत्रात असे शिक्षक बरेच आहेत आणि अनेकांचा कर तरीही कापला जातो. प्रमाणपत्र ऑफिसात द्या.

पायरी ४: खोली आणि रस्ता एकत्र मोजा

पुण्यात एकट्याने यायचं असेल तर पहिलं वर्ष कॉट बेसिसवर (खोलीत एका पलंगापुरती जागा घेऊन) काढणं शहाणपणाचं आहे. पेठांमध्ये, कर्वेनगर-कोथरूडकडे अशा जागा मिळतात. डबा किंवा मेस वेगळी. पूर्ण खोली भाड्याने घेतलीत तर दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट, एक महिन्याचं ब्रोकरेज आणि अकरा महिन्यांच्या कराराच्या नोंदणीचा खर्च, हे सगळं पहिल्या पगाराच्या आधीच लागतं. हे पैसे जमवल्याशिवाय शहरात रुजू होऊ नका. आणि अनुदानित शाळेत पहिला पगार यायला काही महिने लागू शकतात, हे धरून चाला.

मुंबईत भाडं आणि प्रवास यांचा सौदा असतो. शाळा शिवडी, वांद्रे किंवा ताडदेवला आणि राहणं बदलापूर नाहीतर विरारला, अशी दिनचर्या अनेक जण करतात. लोकलचा पास स्वस्त आहे, वेळ मात्र स्वस्त नाही. दिवसभर वीस किलोच्या मुलाला उचलून टॉयलेटला नेणं, चावणाऱ्या मुलाचा हात सोडवणं, जेवताना एकेकाला भरवणं, हे सगळं केल्यावर दोन तास उभं राहून घरी जायचं असतं. मी तर सांगेन, एकेरी प्रवास सव्वा तासाच्या वर जात असेल तर थोडं जास्त भाडं देऊन जवळ या. पाठदुखी हा आमच्या कामाचा नेहमीचा त्रास आहे आणि त्याचा खर्च कुठल्याच पॅकेजमध्ये नसतो.

तालुक्याच्या गावी भाडं कमी असतं, पण शाळा गावाबाहेर माळावर असते. जिल्ह्याच्या ठिकाणी राहून एसटीने जा-ये करणाऱ्या बायकांना मार्च २०२३ पासून तिकीट अर्धं आहे, त्यामुळे हा पर्याय आता पूर्वीपेक्षा परवडतो. निवासी विशेष शाळा असेल तर राहण्याजेवण्याची सोय बघून मोह होतो. ती सोय पगारातून वळती करतात का, आणि रात्रीची ड्यूटी किती, हे दोन्ही विचारा. रात्री मुलाला फिट आली तर उठणारे तुम्हीच असणार.

माझा साधा नियम असा: भाडं आणि प्रवास मिळून हातातल्या पगाराच्या एक-तृतीयांशावर जाऊ नये. जात असेल तर शहर बदला, नाहीतर जोडीदार शोधून खोली वाटून घ्या.

पायरी ५: जे खर्च कुणी सांगत नाही

केंद्रस्तरावर काम असेल तर रोज वेगळ्या शाळेत जायचं, आणि तीव्र अक्षमता असलेल्या मुलांच्या घरी जाऊन शिकवायचं. दिवसाला ४० किलोमीटर, महिन्याला २४ दिवस, म्हणजे ९६० किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ देत असेल तर २१ लिटरच्या वर पेट्रोल लागतं, लिटरला शंभराच्या पुढचा भाव धरला तर सव्वादोन हजारांच्या आसपास. टायर, ऑइल आणि पावसाळ्यातली दुरुस्ती वेगळी. प्रवासखर्च मिळतो का, आणि कधी मिळतो, हे मानधनाइतकंच महत्त्वाचं आहे.

दुसरा खर्च शैक्षणिक साहित्याचा. चित्रकार्डं लॅमिनेट करायची, मागे वेल्क्रो लावायचा, मणी-दोरा, खरखरीत कागदाची अक्षरं, आणि बक्षीस म्हणून कुणाला मुरमुरे, कुणाला राजगिऱ्याची वडी. एकेक वस्तू दहा-वीस रुपयांची, म्हणून कुणी लिहून ठेवत नाही. तुम्ही पहिल्या महिन्यापासून लिहा आणि बिलं जपून ठेवा. मुख्याध्यापकांकडे तीन महिन्यांची बिलं घेऊन गेलं की साहित्यासाठी तरतूद मागणं सोपं जातं. नुसतं ‘खर्च फार होतो’ म्हटल्याने काही होत नाही.

पायरी ६: शाळेनंतरची सेशन्स

शहराच्या बाजूने बोलायचं तर हे खरं कारण आहे. पुण्या-मुंबईत, नाशकात संध्याकाळची सेशन्स (एकेका मुलाला वेगळं शिकवण्याचे तास) मिळतात, शिवाय अनुभवी थेरपिस्टांच्या हाताखाली शिकायला मिळतं. तालुक्याला ते जवळजवळ नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत शिकायला मिळणं हेच तुमचं उद्दिष्ट असेल तर शहरात थोडं नुकसान सोसून यायला हरकत नाही, फक्त ते किती दिवस सोसणार हे आधी ठरवा.

एक बंधन लक्षात ठेवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. तुमची नेमणूक कुठल्या शाळेत आहे आणि करारात काय लिहिलं आहे ते वाचूनच सेशन घ्या. सेंटरवर किंवा स्वतंत्रपणे काम करत असाल तर दर लेखी ठरवा, ऐन वेळी रद्द झालेल्या सेशनचं काय ते सांगून ठेवा आणि पैसे खात्यात घ्या. पालकांशी पैशांचं बोलताना अवघडल्यासारखं होतं, कारण त्यांची ओढाताण आपण रोज बघतो. तरीही पहिल्याच भेटीत बोला. महिन्याच्या शेवटी बोलणं दोघांनाही जास्त जड जातं.

पायरी ७: रुजू झाल्यावर

रुजू अहवालाची पोच घ्या, त्यावर तारीख आणि शिक्का हवा. पीएफ कापत असतील तर यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) चालू करून पासबुकात पैसे खरंच जमा होतात का ते दर तीन महिन्यांनी बघा. स्लिपवर कापलेले आणि खात्यात न आलेले पैसे पाच वर्षांनी शोधणं फार त्रासाचं असतं. पगार महिन्याला २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचारी आरोग्य विमा) लागू आहे का विचारा. ०.७५ टक्क्यांच्या कपातीत घरच्यांचेही उपचार होतात.

खासगी शाळेतल्या शिक्षकालाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते कायम केलं. कायम नोकरीत त्यासाठी सलग पाच वर्षं सेवा लागते, म्हणून चार वर्षं अकरा महिने झाल्यावर ‘नवा करार करू’ असं कुणी म्हणालं तर सही करण्याआधी थांबा आणि सल्ला घ्या.

सोडताना अनुभव प्रमाणपत्र घ्याच. त्यात तुमचा आरसीआय नंबर, कुठल्या प्रवर्गाच्या मुलांना शिकवलं, पूर्णवेळ की अर्धवेळ, आणि रुजू व कार्यमुक्त झाल्याच्या तारखा असाव्यात. नुसतं ‘आमच्याकडे शिक्षिका होत्या’ एवढं लिहिलेलं पत्र पुढच्या ठिकाणी पगार ठरवताना कामाला येत नाही. संस्था बंद पडतात, मुख्याध्यापक बदलतात, म्हणून हे पत्र शेवटच्या दिवशीच, ऑफिसात बसून, वाचून घ्या.